क्रमांक खरा, नाणं खोटं

नाणी जमवण्यात बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे हे सांगताना थोडी लाजच वाटते.

रोजच्या व्यवहारासाठी पाडलेल्या मॉर्गन डॉलरांत (अमेरिकेची जुनी चांदीची नाणी) सगळ्यांत कमी निघाले ते 1893 साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतून. फक्त 1,00,000. साहजिकच नकलाही याच्याच जास्त. त्याच वर्षीच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर मागे 'एस', म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण, चिकटवून विकणारेही आहेत. म्हणून सुट्या नाण्याच्या भानगडीत न पडता मी एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपनीने ग्रेड केलेलं, म्हणजे दर्जा ठरवलेलं, आणि स्लॅबमध्ये, म्हणजे लेबल लावलेल्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, बंद असलेलं नाणंच शोधत होतो.

मिळालं. ग्रेड व्हीएफ 30, म्हणजे वापरलेलं पण बऱ्यापैकी चांगलं. विक्रेत्याने फोटो पाठवले, मी लेबलवरचा क्रमांक एनजीसीच्या साइटवर टाकला. साल, टांकसाळ, ग्रेड, सगळं जुळलं. मी पान बंद केलं आणि पैसे भरले. त्याच पानावर खाली नाण्याचे फोटो होते. ते मी उघडलेच नाहीत.

काही महिन्यांनी एका मित्राने ते उघडले. म्हणाला, "अरे, तुझ्या बाईच्या गालावरचा ओरखडा कुठे गेला?"

फोटोतल्या लिबर्टीच्या, म्हणजे नाण्यावरच्या बाईच्या, गालावर तिरका, खोल ओरखडा होता. माझ्या नाण्याचा गाल गुळगुळीत. सीलबंद स्लॅबमध्ये नाण्यावरचा ओरखडा भरून येत नाही. क्रमांक खऱ्या नाण्याचाच होता, पण ते नाणं दुसऱ्याच कुणाकडे होतं. नकली स्लॅब बनवणारे असा एखादा खरा क्रमांक उचलतात आणि कितीही लेबलांवर छापतात.

मग भिंग घेऊन बसलो. या सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सगळ्या नाण्यांची दर्शनी बाजू एकाच ठशातून उमटलेली आहे. त्यामुळे मुकुटपट्टीवरच्या 'लिबर्टी' शब्दातल्या 'टी'वर एक बारीक उंचवट्याची रेघ दिसायला हवी. ती नव्हती. लेबलवरची अक्षरंही किंचित जाड वाटली, आणि खरं सांगायचं तर ती पहिल्या दिवशीही जाडच असणार.

यानंतर केलं ते पहिल्यापेक्षा मोठं गाढवपण. रागाच्या भरात स्लॅब फोडला आणि नाणं तराजूवर ठेवलं. 26.73 ग्रॅम भरायला हवं होतं. दोन ग्रॅमहून जास्त कमी भरलं. वजन हाती आलं, पुरावा गेला. विक्रेता म्हणाला, "आतलं नाणं तुम्हीच बदललं नाही कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्लॅब शाबूत ठेवून तसाच एनजीसीकडे तपासायला पाठवला असता तर निदान भांडता आलं असतं. पैसे परत मिळाले नाहीत.

गेल्या आठवड्यात तोच क्रमांक पुन्हा विक्रीला दिसला, नवे फोटो, नवा विक्रेता. आधी गाल पाहिला. ओरखडा त्यावरही नाही.