दुबईच्या देखाव्याचं ‘लिमिटेड एडिशन’ घड्याळ: इंदूरकरांनो, सावध राहा

इंदूरमध्ये एक जण दुबईची स्कायलाइन डायलवर असलेली ‘लिमिटेड एडिशन’ मेकॅनिकल, म्हणजे बॅटरीशिवाय स्प्रिंगवर चालणारी, घड्याळं विकत फिरतोय. आमच्याकडून त्याने १,६०,००० रुपये उकळले. हातात जे ठेवलं, त्याची किंमत काही हजारांच्या वर नाही. राजेंद्रनगर, सुदामानगरातल्या आपल्या मराठी घरांत तो ओळखी काढून शिरतो, गोड बोलतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

मखमली डबी, हातात पांढरे मोजे. डायलवर बुर्ज खलिफा, त्याखाली पाण्याची निळी पट्टी. मागे काच, तिच्यातून गरगरणारा रोटर, म्हणजे हात हलला की फिरून घड्याळाला चावी देणारी चकती, दिसतो, आणि कडेला क्रमांक ३७/१००. “काका, जगात शंभरच आहेत,” असं तो बाबांना म्हणाला. सेकंदकाटा टकटक न उडता सरकत जातो हे तो आवर्जून दाखवतो, कारण बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळाचा काटा सेकंदाला एकदा उडतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं.

खरी मेख इथेच आहे. सरकता काटा आणि मागची काच यांवरून घड्याळ मेकॅनिकल आहे एवढंच कळतं. ते भारी आहे की नाही, हे कळत नाही. चिनी बनावटीची ऑटोमॅटिक मशिनं अगदी स्वस्तात मिळतात आणि त्यांचाही काटा तसाच सरकतो.

राजवाड्याजवळच्या एका जुन्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून आधी डायल पाहिला. कोरीवकाम असतं तर रेषेला खोली दिसली असती. बुर्ज खलिफाच्या टोकाशी शाईचे बारीक ठिपके होते, म्हणजे नुसती छपाई. मग त्यांनी घड्याळ टाइमग्राफरवर ठेवलं. हे यंत्र टिकटिक ऐकून तासाला किती ठोके पडतात ते दाखवतं. सोबतच्या कार्डावर २८,८०० छापलं होतं, म्हणजे सेकंदाला ८. पडद्यावर आले २१,६००, म्हणजे ६. तासाला २१,६०० ठोक्यांची उत्तम घड्याळंही असतात, पण कार्डावर एक आणि पोटात दुसरंच मशीन म्हटल्यावर कार्ड खोटं. रोटरवरचं नाव तर नखाने खरवडलं तसं निघून आलं.

“भिया, ये सैंतीस नंबर तो पहले भी आया था,” असं म्हणत त्यांनी वही उघडली. देवासच्या एका गिऱ्हाइकाचं घड्याळ, तोच देखावा, तोच ३७/१००.

डायलच्या तळाशी ‘स्विस मेड’ही होतं. २०१७ पासून त्या दोन शब्दांसाठी घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकी किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो, मशीनही स्विस लागतं. एखाद्या शहराचा देखावा मीनाकामात डायलवर उतरवणारे कारीगर रंगाचा एकेक थर साधारण ८०० अंशांच्या भट्टीत भाजतात. शेवटच्या थराला तडा गेला की सगळी मेहनत वाया. त्या कलेच्या नावावर हा छापील चित्रं खपवतो, याचा मला पैशांइतकाच संताप आहे.

बिलावर पत्ता इंदूरचा, पण जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. मध्य प्रदेशचे २३, तर ०७ दिल्लीचे. जीएसटी पोर्टलवर तो क्रमांक मोबाइलचे सुटे भाग विकणाऱ्या कुणाचा तरी निघाला, आणि त्याची नोंदणीही रद्द झालेली. हे तपासायला लॉगिन लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

रक्कम ऑनलाइन गेली होती, म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्जही दिला. देवासच्या गृहस्थांनीही दिलाय. पैसे अजून आलेले नाहीत. आता तो उज्जैनमध्ये सिंगापूरच्या देखाव्याचं घड्याळ दाखवतोय, असं कानावर आलंय. तुमच्याकडे त्याचं घड्याळ असेल तर डबी, कार्ड, बिल यांतलं काहीही त्याच्या हाती देऊ नका. बोभाटा झाला की “बदलून देतो” म्हणत तो सगळ्यात आधी तेच मागतो.