ऐन लगीनसराईत कॅमेऱ्याची बॉडी गेली: भाड्याने, दुरुस्ती, सेकंडहँड की नवी?

लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा कॅमेरा अडला की आधी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, खरंच गेलीय का, ते बघा. कॅननवर ‘एरर ०१’ आला तर दोष बहुधा लेन्स आणि बॉडीच्या संपर्काचा असतो. दुसरी लेन्स लावून पाहा, सोनेरी पिना कोरड्या मऊ कापडाने पुसा. ‘एरर ३०’ आला तर मात्र शटरची, म्हणजे फोटो टिपणाऱ्या सेन्सरसमोर उघडझाप करणाऱ्या पडद्यांची, तक्रार. बॅटरी आणि कार्ड बदलूनही हूं की चूं नसेल, तर चार वाटा उरतात.

तारीख चार दिवसांवर असेल तर वादच नको, भाड्याने घ्या. पण माऊंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जोडणी, आपलाच ठेवा. निकॉनवाल्याच्या हातात कॅनन दिला की लेन्स उलट्या दिशेने बसते, झूमची रिंगही बऱ्याचदा उलटी फिरते, आणि शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट खाली येतो तेव्हा अंगठा अजून बटण शोधत असतो. दाट मुहूर्ताला चांगल्या बॉडी आधीच उचललेल्या असतात, म्हणून फोन आजच करा. ताबा घेताना बॉडीचा चहूबाजूंनी मोबाईलवर व्हिडिओ काढा, नाहीतर जुना ओरखडा तुमच्या डिपॉझिटमधून वळता होईल. आणि घड्याळ! सोबतच्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याशी वेळ जुळवली नाही, तर अल्बममध्ये वरमाला आधी आणि सीमांतपूजन नंतर.

दुरुस्ती परवडते का, हे काय बिघडलंय त्यावर ठरतं. शटर हा झिजणाराच भाग. निकॉन डी७५० आणि कॅनन ५डी मार्क ४ यांची शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेली, ६डी मार्क २ चं एक लाखासाठी, डी८५० चं दोन लाखांसाठी. आकडा ओलांडला म्हणजे शटर दुसऱ्या दिवशी जाईलच असं नाही, पण गेलं तर तक्रारीला जागा नाही. बाकी बॉडी धड असेल तर शटर खुशाल बदला. जेजुरीचा भंडारा डायलमध्ये गेलाय? ते सफाईचं काम, घाबरू नका. संगीतातल्या डीजेच्या लेझरने सेन्सरवर रेघ पडली असेल तर हात आखडता घ्या, कारण सेन्सर बदलण्याच्या खर्चात अनेकदा तेच मॉडेल सेकंडहँड मिळतं. आत पाणी गेलेल्या बॉडीवर तर मी पैसे घालणार नाही. ती आज चालेल आणि गंज महिन्याने वर येईल. माझा हिशेब साधा: एस्टिमेट त्याच मॉडेलच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्यावर गेलं की बॉडी सोडायची. अधिकृत केंद्रात अस्सल पार्ट मिळतो, पण वेळ लागतो आणि जुन्या मॉडेलला नकारही मिळू शकतो. गल्लीतला कारागीर लवकर देतो. त्याला एवढंच विचारा, की पार्ट नवा की दुसऱ्या बॉडीतून काढलेला, आणि जुना पार्ट परत देणार का?

सेकंडहँडसाठी मुंबईत फोर्टातली बोरा बाजार गल्ली, दिल्लीत चांदनी चौकातलं कूचा चौधरी मार्केट. ऑनलाइन स्वस्त दिसतं, पण हातात घेऊन पाहण्याला तोड नाही. लेन्सचं छिद्र एफ/१६ इतकं बारीक ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि सेन्सरवरचे डाग बघा. १/४००० सेकंदाच्या शटरवेगाला काढलेल्या फोटोत एका कडेला काळपट पट्टा दिसला तर शटरचे पडदे थकलेत, बॉडी खाली ठेवा. कार्डाचे दोन स्लॉट असतील तर दोन्हींत कार्ड घालून बघा. क्लिकच्या आकड्यावरच भिस्त ठेवू नका, शटर बदललेलं असू शकतं. तसं असेल तर बिल मागा.

नवी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली बॉडी, घ्यायची हौस नेमकी अशाच वेळी उसळते. कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या ईएफ लेन्सा मिररलेसवर अडॅप्टर लावून ऑटोफोकससह नीट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर आतच मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सा चालतात, पण मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सांचा ऑटोफोकस बंद पडतो. त्या तुमच्याकडे असतील तर खर्च बॉडीवर थांबत नाही. शिवाय नवा मेनू अंगवळणी पडायला ऐन मोसम ही जागा नव्हे.

एकच बॉडी असलेल्याने आत्ता भाड्याने काम भागवावं, आपली दुरुस्तीला टाकावी, आणि ती परत आल्यावरही त्याच माऊंटची एक सेकंडहँड जोडीला घ्यावी. दोन आधीच असतील तर भाडंही वाचतं; दुरुस्तीचं एस्टिमेट येईपर्यंत काहीच विकत घेऊ नका. नवीचा विचार मोसम सरल्यावर, पावसाळ्यात करा.