दुर्बिणीतून लातार्जे (परत परत निखळणाऱ्या खांद्याचं ऑपरेशन) : ४ स्टार, एक कापला तो डिस्चार्जच्या दिवसाचा

उजवा खांदा माझा एकूण अकरा वेळा निखळलाय. पहिल्यांदा कबड्डीत, रेडला गेलेलो, हात लांब टाकला आणि कव्हरने जो डॅश दिला तिथून सुरुवात. नंतर नंतर तर झोपेत कूस बदलली तरी सटकायचा. एकदा एसटीत वरचा दांडा धरून उभा होतो, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि खांदा बाहेर, कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून नुसता बघत राहिला.

आधी एक ऑपरेशन झालेलं, दुसरीकडे, नाव घेत नाही. बँकार्ट रिपेअर, म्हणजे खांद्याच्या वाटीच्या कडेची फाटलेली गादी टाके घालून परत बसवायची. फक्त एमआरआय बघून केलं आणि दीड वर्षात पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून पुण्यातलं हे हॉस्पिटल. इथल्या सरांनी आधी थ्रीडी सीटी करायला लावला. स्क्रीनवर गोळा, म्हणजे दंडाच्या हाडाचं वरचं गोल टोक, बाजूला काढून नुसती वाटी दाखवली, खाली गोल पाहिजे ती पुढून सपाट, कपाची कड उडावी तशी. त्यावर गोल काढून मोजलं तर २४ टक्के हाड गायब! दर वेळी निखळताना गोळा कडेवर आपटून हे झालेलं, आणि गोळ्याला मागून खोक पडलेली ती वेगळीच, तिला हिल-सॅक्स म्हणतात. साधारण २० टक्क्यांच्या पुढे हाड गेलं की नुसत्या टाक्यांवर भरवसा नाही म्हणाले. हे आधीच्या ठिकाणी कुणी मोजलंच नव्हतं, माझा सगळा राग त्याचा आहे.

लातार्जे हे मिशेल लातार्जे नावाच्या फ्रेंच सर्जनचं १९५४ चं ऑपरेशन. खांद्याच्या पुढे कोरॅकॉइड म्हणून चोचीसारखं हाड असतं, ते त्याला चिकटलेल्या स्नायूंच्या दोऱ्यासकट कापून वाटीच्या तुटक्या कडेला स्क्रूने बसवतात, मला दोन स्क्रू आहेत. हाडाची जागा भरते आणि हात वर-बाहेर गेला की तोच दोरा पट्ट्यासारखा गोळ्याला पुढून अडवतो. आमच्या कबड्डीच्या भाषेत साखळी पकड.

छोट्या भोकांचं मला पण फार कौतुक होतं, सरांनीच हवा काढली. म्हणाले उघडून केलं तरी खांदा तितकाच पक्का बसतो, दुर्बिणीतून करणं अवघड आहे, शिकायला वेळ लागतो, महत्त्वाच्या नसा अगदी जवळ असतात. आम्ही नेहमी असंच करतो आणि आतलं चारी बाजूंनी दिसतं म्हणून दुर्बीण, पण गरज पडली तर मध्येच उघडू, तशी सहीच घेतली. तुम्ही अशी किती केलीत हे मी तोंडावर विचारलं, रागावले नाहीत, सांगितलं. एक स्टार तर त्याचाच.

ऑपरेशनच्या रात्री ब्लॉकमुळे, म्हणजे हात बधिर करायच्या इंजेक्शनमुळे, हात असा की दुसऱ्याचाच कुणाचा तरी छातीवर आणून ठेवलाय. पहाटे ब्लॉक उतरला तेव्हा कळलं काय ते, गोळी आधीच मागून ठेवा.

आता डिस्चार्ज. सकाळी १० ला सोडतो म्हणाले, टीपीएचं (विम्याचे क्लेम बघणारी कंपनी) अप्रूव्हल येईपर्यंत रात्रीचे ८. मध्ये तीनदा कागद मागितले, त्यातला एक तोच तोच. ग्लोव्हज वगैरे क्लेममधून कापलं ते आपल्या खिशातून.

फिजिओच्या मॅडम कडक आहेत पण सोनं. चार आठवडे स्लिंग, पुढे वाकून हात लोंबता सोडून गोल गोल फिरवायचा, मग काठी घेऊन (घरी मी लाटणं वापरायचो, आई वैतागली). तीन महिन्यांनी परत सीटी, हाड जुळलेलं. हात बाहेरच्या बाजूला अजून थोडा कमी वळतो, ते आधीच सांगितलेलं. सहावा महिना संपला, एकदाही सटकला नाही, गेल्या आठवड्यात एसटीत त्याच हाताने दांडा धरला.

जाताना पुढून बटणांचे दोन-तीन ढगळ शर्ट न्या, मी टी-शर्ट घेऊन गेलो होतो, शेवटी नर्सने कात्रीने कापला.