चिपळूणच्या समुपदेशकांकडे 19 मंगळवार

हा अभिप्राय लिहायचं वर्षभर मनात होतं, धीर होत नव्हता. मी दापोली तालुक्यातली, समुद्राकाठच्या गावातली. वय 47. आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसपोळी घरी करून विकते. नवरा 2019 साली दिवाळीच्या तोंडावर हार्ट अटॅकने गेला. पुढच्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं आणि आगरातली निम्मी सुपारी आणि अकरा माड आडवे झाले. तेव्हापासून झोप गेली. बीपीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, कुणाशी तरी बोलायला जा. त्या बोलण्याबद्दल हे लिहितेय.

समुपदेशकांचं नाव देत नाही. इकडे नावावरून माणूस आणि माणसावरून त्याच्याकडे जाणारी बाई ओळखायला कुणाला वेळ लागत नाही. त्यांनी माझ्याकडे कधी अभिप्राय मागितलाही नाही. मीच एकदा म्हटलं, तुमच्याबद्दल चार शब्द लिहू का? तर म्हणाले, "उपचार घेणाऱ्याकडे शिफारस मागणं आमच्या नियमात बसत नाही, कारण त्याला नाही म्हणणं जड जातं. तुम्हाला वाटलं तर लिहा, तो तुमचा हक्क. पण आधी स्वतःची ओळख जपा."

त्यांच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एकांकडे जाऊन आले होते. ते एका मोठ्या शहरातले, भावाच्या ओळखीतून मिळालेले. दोनदाच गेले. नवरा गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मग रात्री काय करता?" तो कशासाठी विचारलाय ते मला कळेना. निघताना पाठीवर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ राहिला. रात्री अकराला मोबाईलवर मेसेज: एकटं वाटतंय का? मी नंबर ब्लॉक केला आणि तीन वर्षं कुणाकडे गेले नाही. ही गोष्ट मी सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती. चूक माझीच, मीच काहीतरी तसं बोलले असणार, असं मला वाटत राहिलं.

चिपळूणची जागा बाजारपेठेजवळ आहे, दुसऱ्या मजल्यावर. 2021 च्या जुलैतल्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ जिन्याच्या भिंतीवर अजून दिसते. वर दोन खोल्या, एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत तुळस. भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषद या सरकारी संस्थेचा नोंदणी क्रमांक लावलेला आहे. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावतो, म्हणून हा क्रमांक मी आता कुठंही आधी बघते.

पहिल्या दिवशी त्यांनी एक कागद दिला, मराठीत, दोन पानी. वाचायला वेळ दिला आणि मग तोंडीही समजावून सांगितलं. इथलं बोलणं इथंच राहील. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, कलम 23. तीन वेळा मात्र ते गप्प राहू शकत नाहीत: माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर, कारण पॉक्सो कायद्याखाली ते पोलिसांना कळवावंच लागतं, आणि न्यायालयाने आदेश दिला तर. हे सगळं आधीच सांगितलं म्हणून मला बरं वाटलं. दार कुठं आहे ते ठाऊक असलं की खोलीत बसवतं.

त्या कागदावर जोडीदाराच्या रकान्यात पती किंवा पत्नी असं छापलेलं नव्हतं, नुसती रिकामी ओळ होती. पुढे एकदा मी त्याबद्दल विचारलं, कारण आमच्या ओळखीतल्या एका मुलाला घरचे 'बरा करायला' कुणाकडे तरी नेत होते. ते म्हणाले, समलैंगिक असणं हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली ते आजारांच्या यादीतून काढलं, आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये तसंच जाहीर केलं. जो बरा करतो म्हणेल त्याच्याकडे मुलाला नेऊ नका, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी ते त्या घरी जाऊन सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी.

माझा पहिला मंगळवार मे महिन्यातला होता. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडण्याचे दिवस. बोटं, नखं सगळी लाल-जांभळी झालेली, कितीही घासली तरी ते डाग आठवडा आठवडा जात नाहीत. मी हात पदराखाली घेऊन बसले होते. त्यांनी हाताबद्दल काही विचारलं नाही. झोप, भूक, वादळ, कर्ज, दिराशी आगराच्या वाटणीवरून चाललेली भांडणं, पाच मंगळवार यातच गेले.

सहाव्या वेळी ते म्हणाले, "ताई, एक विषय आपण काढलेला नाही. काढायचा की नाही ते तुम्ही ठरवा. जोडीदार जातो तेव्हा त्याच्याबरोबर स्पर्शही जातो. झोप जाण्यात त्याचा भाग असू शकतो, म्हणून विचारतोय. आज नको असेल तर आज नाही, कधीच नको असेल तरी चालेल."

मी दोन मिनिटं गप्प होते. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तो अजून कानात आहे. मग म्हटलं, विचारा.

त्या शहरातल्या माणसानेही हाच विषय काढला होता. इथं मात्र कशासाठी विचारतोय ते आधी सांगितलं आणि नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली. प्रश्नही मोजकेच, झोपेला आणि दुःखाला लागून असलेले. नवऱ्याचं आणि माझं कसं होतं याच्या तपशिलात त्यांना रस नव्हता.

मग शब्दाचा घोळ. मला शब्दच सापडेना. आपल्याकडे एक तर पुस्तकी 'लैंगिक इच्छा', नाहीतर शिव्या. मधलं काही बायकांच्या तोंडात नाही. ते म्हणाले, तुम्ही तुमचाच शब्द घ्या, मी तोच वापरीन. मी 'ऊब' म्हटलं. त्यानंतर 19 व्या मंगळवारापर्यंत ते ऊबच म्हणत राहिले. नवरा गेल्यावर चार वर्षांनीही मला ऊब हवीशी वाटते, रात्री जाग येते ती त्यानेही येते, आणि सकाळी देवाला दिवा लावताना त्याची लाज वाटते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. त्यांनी मान खाली घातली नाही आणि डोळेही मोठे केले नाहीत. "सत्तेचाळीसाव्या वर्षी शरीर जिवंत आहे, एवढंच ते," म्हणाले.

पाळी जायच्या वयातले काही त्रास मी विचारले तेव्हा मात्र त्यांनी थांबवलं. हे माझं क्षेत्र नाही, म्हणाले, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जायला सांगितलं. माझा चुलतभाऊ नैराश्याच्या गोळ्या मधेच सोडून बसला होता, त्याबद्दल विचारलं तेव्हा एवढंच सांगितलं की यातल्या काही गोळ्यांनी इच्छा मंदावते, पुरुष ते लाजेने बोलत नाहीत आणि गोळी परस्पर बंद करतात. डॉक्टरांना मोकळेपणी सांगितलं तर गोळी किंवा तिचं प्रमाण बदलता येतं.

आता जे लिहिताना हात थरथरतोय ते.

अकराव्या-बाराव्या वेळेपासून मी मंगळवारसाठी साडी वेगळी काढून ठेवायला लागले. सोमवारी केस धुवायचे. परशुराम घाट उतरताना छातीत धडधडायचं. एका मंगळवारी मी अर्धा किलो आमसुलं नेली, सगळ्यात चांगल्या रातांब्यांची, सात पुटं दिलेली. त्यांनी ती पिशवी आत ठेवली नाही. आमच्या दोघांच्या मधल्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हिच्याबद्दल बोलूया का?"

मला रडू फुटलं. पाण्याचा ग्लास त्यांनी माझ्याकडे सरकवला, जागेवरून उठले नाहीत. 19 मंगळवारांत त्यांचा हात मला एकदाही लागलेला नाही. मी सगळं सांगितलं, साडीचं, केसांचं. ते म्हणाले, जिथं माणसाला खूप दिवसांनी कुणी नीट ऐकतं तिथं असं वाटू शकतं. उपचारात हे घडतं हे शंभर वर्षांपूर्वीपासून लिहिलेलं आहे. जुन्या नात्यातली ओढ समोरच्या माणसावर येऊन बसते. त्यात तुमचं काही चुकलं नाही, सांगितलंत हे चांगलं केलंत. ही रेष सांभाळणं हे माझं काम, ते ओझं तुमच्यावर नाही.

मी विचारलंच, हे सगळं संपल्यावर? आज ते वाक्य आठवलं तरी मान खाली जाते, पण विचारलं ते बरं झालं. त्यांनी उत्तर टाळलं नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या नियमात उपचार संपल्यावर किमान 2 वर्षं कोणतंही शारीरिक नातं चालत नाही आणि त्यानंतरही अगदी अपवाद म्हणूनच. "मी स्वतःपुरता नियम सोपा ठेवलाय, कधीच नाही. तुम्ही या खोलीत जे उघडं केलंय ते मला ठाऊक आहे, माझं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. त्यामुळे आपण बरोबरीने कधी उभे राहणार नाही." मग सांगितलं की ते स्वतःही एका ज्येष्ठ तज्ज्ञांशी आपल्या कामाबद्दल बोलतात. तिथं ही गोष्ट मांडतील, माझं नाव-गाव न सांगता. आणि मला हवं असेल तर एका बाई समुपदेशकांकडे पाठवतील, त्याचं त्यांना जराही वाईट वाटणार नाही.

मी आठवडाभर विचार केला आणि त्यांच्याकडेच राहिले. आमसुलं परत घरी आणली, त्याच पिशवीची सोलकढी केली. पुढच्या वेळी नेहमीची साडी नेसून गेले. धडधड एकदम गेली नाही, तीन-चार वेळा लागल्या. पण आता ती बोलण्यातली गोष्ट झाली होती. त्या ओढीखाली काय होतं ते हळूहळू निघालं: नवरा गेल्याचा राग, आणि आपलं त्या बाजूचं आयुष्य भावकीने परस्पर मिटवून टाकल्याचा त्याहून मोठा राग. तेराव्याला जाऊबाईंनी माझ्या बांगड्या उतरवल्या होत्या. ते मी पहिल्यांदा तिथं बोलले.

आमच्या शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. त्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून याच, म्हणजे लैंगिक विषयावर साध्या मराठीत लिहिलं. शाळेत असताना ही नावं पाठ केली होती. त्यांचा माझ्याशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आता उणं काय ते. दार पातळ आहे. बाहेरच्या बाकावर बसलं की आतलं बोलणं कळत नाही, पण कुणी रडलं तर ऐकू येतं. मी हे सांगितल्यावर त्यांनी बाहेर मोठा पंखा लावला, तरी दार बदलायलाच हवं. जिना उंच आहे, गुडघे दुखणाऱ्याला जड. 50 मिनिटांचे 800 रुपये. मला ते दर आठवड्याला परवडणारे नव्हते, म्हणून दहाव्यानंतर मी पंधरवड्याने गेले. कमी फी घेण्याबद्दल त्यांनी आपण होऊन विचारायला हवं होतं, ते मलाच बोलावं लागलं. बोलल्यावर 500 केले. पावसात एकदा फोनवर सेशन करून पाहिलं, पण आमच्याकडे रेंज पडवीच्या एका कोपऱ्यातच येते आणि तिथं सासूबाई बसलेल्या असतात. ते जमलं नाही. वेळ मात्र काटेकोर, नऊ ते सहाच्या बाहेर एकही फोन नाही, एकही मेसेज नाही. सुरुवातीला मला ते कोरडं वाटायचं.

ज्यांना चिपळूण दूर आहे त्यांनी 14416 लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि कुणाकडेही गेलात, तर ते तसला प्रश्न का विचारतात हे विचारा. माझ्यासारख्या तीन वर्षं घालवू नका.

झोप आता पाच-साडेपाच तास लागते. ऊब अजून हवीशी वाटते, लाज मात्र तेवढी वाटत नाही. पुढची भेट मे महिन्यात दुसऱ्या मंगळवारी. रातांबे तेव्हा ऐन भरात असतील. हात पदराखाली घेणार नाही.