सहा इंची स्पायडरमॅन फिगर : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मूळच्या लाल-निळ्या पोशाखातला स्पायडरमॅन, हातपाय वळवून पोझ देता येणारी प्लास्टिकची फिगर, १/१२ मापाचा, बाहेरून खिळे न दिसणाऱ्या सांध्यांचा. सोबत बदलायचे जादा पंजे आणि जाळ्याचे दोन पारदर्शक तुकडे. किंमत तीन हजारांच्या आत. दिवाळीत उघडलेली ही फिगर ठाण्यात घोडबंदर रोडलगतच्या घरात अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा उघड्या फळीवर होती. नुसती शोभेला ठेवलेली नव्हती, पोझ सतत बदलत होत्या. मत आधीच सांगतो: घडण उत्तम, सांध्यांची रचना चांगली, घोटे कमजोर, आणि लाल रंगात कंपनीने पैसे वाचवले आहेत.

आधी माप. स्पायडरमॅनची अधिकृत उंची ५ फूट १० इंच, म्हणजे साधारण १७८ सेंटिमीटर. बाराने भागलं की १४.८ येतात. फिगर १५ सेंटिमीटरला किंचित कमी भरते, म्हणजे माप खरोखर पाळलं आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण एकच धड तीन-चार पात्रांना वापरायची पद्धत या धंद्यात सर्रास आहे आणि मग हा सडपातळ पोरगा कॅप्टन अमेरिकाइतका रुंद होऊन बसतो. १९६२ मध्ये कॉमिक चित्रकार स्टीव्ह डिट्को यांनी काढलेला स्पायडरमॅन काटकुळा होता: खांदे अरुंद, हातपाय लांब, काखेत जाळी. इथे अंगकाठी तशीच आहे. काखेतली जाळी दिलेली नाही आणि ते बरंच झालं. मऊ प्लास्टिकची ती झालर हात वर उचलताना अडते आणि एकदा मुडपली की तशीच राहते.

जाळ्याच्या रेघा डोक्यावर आणि छातीवर साच्यातच कोरलेल्या आहेत, त्यात काळा रंग भरलाय. हातमोज्यांवर आणि बुटांवर मात्र त्या नुसत्या छापलेल्या. कोरलेल्या रेघेतला रंग गेला तरी रेघ राहते. छापलेली रेघ जिथे बोटांची पकड सतत पडते तिथे, म्हणजे बुटाच्या वरच्या कडेला, आता पुसट झाली आहे.

लाल रंगाची तक्रार अशी. धड निळ्या प्लास्टिकमध्ये ओतलंय आणि छाती-पोटाचा लाल भाग वरून रंगवलाय. डोकं आणि बूट लाल प्लास्टिकचेच आहेत. निळ्यावर चढवलेला लाल थोडा विटकरी दिसतो, त्यामुळे एकाच पोशाखात दोन लाल झालेत. ट्यूबलाइटखाली फरक लक्षात येत नाही, दिवसाउजेडी लगेच येतो. पोट पुढे वाकवताना छातीची खालची कड पोटावर घासते. तिथला लाल खरवडून निळी रेघ उघडी पडली आहे. तिथे पुन्हा रंग लावण्यात अर्थ नाही. घासणारी जागा तीच राहते, आणि नव्या रंगाचा थर सांधा आणखी घट्ट करतो.

सांध्यांकडे मात्र सावकाश बघायला हवं, कारण या पात्राची सगळी मजा तिथेच आहे. पूर्वी कोपर-गुडघ्यात आरपार खिळा असायचा आणि त्याचं टोक बाहेर वेगळ्या रंगाच्या ठिपक्यासारखं दिसायचं. इथे जोडणी आतच बंद केली आहे. दिसायला सुंदर, पण आतला तुकडा मोडला तर खिळा ठोकून बाहेर काढायची आणि दुरुस्त करायची सोय गेली. म्हणून असे सांधे जास्त जपून हाताळावे लागतात.

स्पायडरमॅनची फिगर पारखायला एक पोझ पुरते: गच्चीच्या कठड्यावर उकिडवं बसणं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. मांडी पोटाला टेकेपर्यंत वर आली पाहिजे, गुडघा दोन ठिकाणी दुमडून टाच बुडाला लागली पाहिजे, आणि पाऊल घोट्यातून वर झुकलं पाहिजे. पहिल्या दोन्हींत ही फिगर उत्तीर्ण आहे. पाऊल मात्र खाली भरपूर जातं आणि वर जेमतेम येतं. परिणामी ती चवड्यावर बसते, वजन मागे जातं आणि फिगर पाठीवर पडते. धड पुढे झुकवून एक पंजा जमिनीला टेकवला की तीन आधार मिळतात आणि मग ती दिवसेंदिवस हलत नाही. खांदे छातीकडे आत वळतात, त्यामुळे दोन्ही हात समोर आणून जाळं फेकायची पोझ ओढाताण न करता जमते. मान मागे चांगली झुकते. भिंतीवर चढणाऱ्या पोझमध्ये चेहरा वर बघणार नसेल तर ती पोझ मेलेलीच दिसते, म्हणून हा गुण मोठा मानतो.

नवी फिगर उघडल्यावर कुठलाही सांधा पहिल्याच झटक्यात जोर लावून फिरवू नये. रंग पुरता वाळायच्या आधी जोडणी झाली की तोच गोंदासारखा सांध्यात बसतो. या नगाचा उजवा कोपर असाच अडकलेला होता. पाणी उकळून गॅस बंद करायचा, चार-पाच मिनिटं थांबायचं, मग ७०-८० अंशांच्या त्या पाण्यात फक्त तो अवयव अर्धा ते एक मिनिट धरायचा. पुसून, सांध्याच्या अगदी जवळ दोन्ही बाजूंना पकडून, थोडं थोडं पुढे-मागे करायचं. प्लास्टिकवर पांढरट डाग उमटला की लगेच थांबायचं. तो तुटण्याआधीचा इशारा असतो. सांधा सुटल्यावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. ट्रेडमिलसाठी मिळणारं शुद्ध सिलिकॉन तेल चालतं. शिवणयंत्राचं तेल लावू नये, खनिज तेलाने ताणाखालच्या एबीएसला, म्हणजे सांध्यांच्या कडक प्लास्टिकला, तडे जाऊ शकतात. खोबरेलही नको, त्यावर धूळ बसते.

घोट्यांचं दुखणं उलट्या बाजूचं. सगळं वजन तिथे येतं आणि तिथलाच सांध्याचा गोळा सर्वांत लहान. त्यात पावलं मऊ पीव्हीसीची. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडच्या खिडकीजवळ ठेवली तर हे प्लास्टिक आणखी मऊ पडतं आणि फिगर हळूहळू एका बाजूला कलते. पाय वाकडा झाला असेल तर गरम पाण्यात मऊ करून सरळ करावा आणि तसाच धरून थंड पाण्यात बुडवावा, आकार टिकतो. सांधाच सैल झाला असेल तर पाऊल गरम पाण्यात धरून सरळ ओढून काढायचं, गोळ्यावर नळवाल्यांच्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा द्यायचा, फार तर दोन, आणि पाऊल परत दाबून बसवायचं. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ही टेप मिळते. गोळ्यावर पांढऱ्या गोंदाचा थर द्यायचा उपायही अनेकजण सुचवतात. कोरड्या हवेत तो चालेल, पण हा गोंद ओलाव्याने मऊ पडतो आणि आपल्याकडच्या जुलैत सांधा चिकट होऊन बसतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदापासून तर लांबच राहावं: त्याच्या वाफेचा पांढरा थर आजूबाजूच्या रंगावर बसतो आणि दमट हवेत तो जास्तच बसतो.

पावसाळ्यात डोकं आणि पंजे हाताला चिकट लागायला लागले. हा ओलावा नसतो. पीव्हीसी मऊ ठेवण्यासाठी त्यात मिसळलेलं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं. उष्णता आणि बंद, हवा न खेळणारी जागा त्याला मदत करतात. त्यावर मेट्रो-४च्या कामाची धूळ बसली की कोरलेल्या रेघा करड्या दिसतात. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश, आणि नंतर पंख्याखाली रात्रभर वाळवणं, एवढं पुरतं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरला तर चिकटपणाबरोबर रंगही निघतो. हेच द्रव्य पॉलिस्टायरीनच्या स्वस्त पारदर्शक डब्यांना विरघळवतं, त्यामुळे पावलं तळाला चिकटून बसतात. काचेची फळी सर्वांत सुरक्षित; डब्यातच ठेवायची असेल तर पायाखाली बटर पेपर घालावा.

पंजे बदलताना मनगटाची खुंटी पिळू नये, सरळ ओढावी. जाळ्याचे तुकडे जड आहेत, हात खाली येतो. ते फोटोपुरतेच.

विकत घेताना भावाकडे आधी बघावं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. त्यामुळे पाच-सहाशे रुपयांत ‘ओरिजिनल’ म्हणून पुढे केलेला खोका जवळपास नेहमीच नकली असतो. पाठीवर किंवा तळपायावर कॉपीराइटचा ठसा नसणं, कडांवर साच्याची जाड शिवण आणि थिनरसारखा उग्र वास, ही त्याची लक्षणं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लहान मुलासाठी घेत असाल तर ते नसलेला खोका घेऊच नका.

दुकानात खोक्याच्या खिडकीतून दोन्ही डोळ्यांच्या काळ्या कडा सारख्या आहेत का, छातीवरचा कोळी मधोमध आहे का आणि घोटे तिरके बसलेले नाहीत ना, हे पाहा. पंजेही मोजा, कारण उजव्याच्या जागी दुसरा डावा भरला जाण्याचे प्रकार होतात. ऑनलाइन मागवली असेल तर खोका उघडताना सलग व्हिडिओ काढून ठेवा. तो नसेल तर दोन डाव्या पंजांची तक्रार पटवून देणं फार अवघड जातं.