पॅलिएटिव्ह केअरचे रुग्ण ओळखताना: एक प्रश्न की स्पिक्टची यादी?

डॉक्टरने स्वतःला विचारायचा प्रश्न: ‘हा रुग्ण येत्या १२ महिन्यांत दगावला तर मला आश्चर्य वाटेल का?’ उत्तर ‘नाही’ आले की पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या काळजीचा, विचार सुरू करायचा. राउंडवर अर्ध्या मिनिटात होते, कागद लागत नाही. पण हा अंदाज उत्तर देणाऱ्याच्या अनुभवावर चालतो. कॅन्सरमध्ये तो बऱ्यापैकी जुळतो. हृदय किंवा फुप्फुसाच्या जुनाट आजारात चढउतार इतके, की जास्त चुकतो.

एडिनबर्गमध्ये तयार झालेली स्पिक्टची (SPICT, अशी काळजी लागणारे रुग्ण ओळखण्याचे साधन) एकपानी यादी मृत्यूचा अंदाज मागतच नाही. ती खुणा शोधते. वारंवार अचानक भरती, निम्म्याहून अधिक दिवस अंथरुणात किंवा खुर्चीत, वजनात लक्षणीय घट, योग्य उपचारांनंतरही न हटणारा त्रास. मग आजारानुसार खुणा: हृदयविकारात बसल्याजागी किंवा थोड्या हालचालीनेही धाप, डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) मदतीशिवाय कपडे, चालणे, जेवण न जमणे. यातले बरेचसे नर्सला आधी कळते, म्हणून यादी तिच्या हाती द्यावी. अडचण एकच: जुन्या भरतीच्या नोंदी आणि वजन केसपेपरवर नसेल तर यादी अर्धी रिकामी राहते. वजनाचा रकाना तर हमखास कोरा!

गर्दीच्या वॉर्डात आधी प्रश्न, शंका आली की यादी. उत्तर ‘आश्चर्य वाटेल’ आले म्हणून हृदयरुग्णाला मात्र वगळू नये.