रुगर एलसीपी मॅक्स: खिशात मावतं, हातात उसळतं

अमेरिकन बाजारात २०२१ मध्ये आलेलं हे .३८० एसीपी (छोट्या काडतुसाचा एक प्रकार) पिस्तूल रिकामं असताना जेमतेम ३०० ग्रॅम भरतं. मॅगझिनमध्ये १० गोळ्या. याच मालिकेतल्या आधीच्या, मूळ एलसीपीत ६च. नेम धरायच्या पुढच्या खुणेवर, म्हणजे साइटवर, अंधारात चमकणारं ट्रिटियम आहे, मूळ एलसीपीची साइट नावालाच होती. हलकेपणाची किंमत मनगट मोजतं: पकड सैल पडली की स्लाइड (वरचा सरकता भाग) पूर्ण मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. नळी पावणेतीन इंचांच्या आसपास, त्यामुळे होलो पॉइंट गोळी (टोकाला पोकळी असलेली, लागल्यावर फुलणारी) बरेचदा फुलतच नाही. गोळ्यांचा ब्रँड ठरवण्याआधी रेंजवर त्याची निदान एक पेटी झाडून पाहा. ट्रिगर पूर्ण झाकणारं पॉकेट होल्स्टर हवंच, आणि त्या खिशात किल्ल्या-नाणी अजिबात नकोत. कपड्यांचा भुगा आत साचतो. गोळ्या काढून, चेंबर (नळीच्या मागची काडतुसाची जागा) तपासून वरचेवर पुसा. रोजच्या सरावासाठी मात्र जरा मोठंच घ्या.